गावच्या रस्त्यावर चालताना कोणता इअरफोन घ्यावा?

इअरफोन कसा निवडावा याविषयी जे काही वाचायला आणि पाहायला मिळते, त्यातील बहुतेक सल्ला शहरातील माणसासाठी दिलेला असतो. त्या माणसाला लोकलचा खडखडाट, मेट्रोतील गर्दी किंवा कार्यालयातील गलबला अडवायचा असतो. त्यामुळे बाहेरचा आवाज जितका अधिक अडेल तितका इअरफोन चांगला, हे गृहीत धरूनच सारी तुलना सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात पहाटे साडेपाच वाजता फिरायला निघाले की अडवण्यासारखा आवाजच नसतो. जे थोडेफार आवाज असतात, ते ऐकू येणेच गरजेचे असते. म्हणून पायी फिरणाऱ्या गावाकडच्या माणसाने इअरफोन घेताना पहिला प्रश्न ‘आवाज किती दमदार आहे’ असा न विचारता ‘कान किती उघडा राहतो’ असा विचारावा, असे माझे मत आहे. बाकीच्या साऱ्या गोष्टी, अगदी कानाला वाटणारा आरामसुद्धा, बऱ्याच अंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि शाळेची घाई सुरू होण्यापूर्वी गावापासून फाट्यापर्यंत चालत जाऊन परत येते. रस्ता डांबरी आहे, परंतु त्याला पदपथ नाही. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर, मध्ये कुठे धुऱ्यावरची बाभूळ, आणि दोन ठिकाणी शेतात जाणारे पांदण रस्ते येऊन मिळतात. पुढे जे लिहिले आहे ते या रस्त्याचा विचार करून लिहिलेले आहे. ज्यांना घरात बसून, डोळे मिटून गाणे ऐकायचे आहे, त्यांची गरज वेगळी.

बाजारात सर्वांत जास्त खपणारा प्रकार म्हणजे सिलिकॉनची मऊ टोपी असलेला आणि कानाच्या नळीत आत शिरून बसणारा इअरफोन. दुकानात कानात घातला की तो फार सुखद वाटतो, कारण बाहेरचे जग एकदम बंद होते आणि बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, भरदार ऐकू येतो. मात्र तोच इअरफोन घालून चालायला लागले की प्रत्येक पावलागणिक डोक्यात ‘धप्प, धप्प’ असा आवाज येऊ लागतो. अनेकांना वाटते की माल खराब निघाला. माल खराब नसतो. टाच जमिनीवर आपटली की तिची कंपने हाडांमधून वर चढत कवटीपर्यंत आणि तेथून कानाच्या नळीच्या भिंतींपर्यंत पोहोचतात. नळी उघडी असेल तर हा खर्जातला आवाज बाहेर निघून जातो. तिचे तोंड टोपीने बंद केले की तो आतच कोंडतो आणि पडद्यावर आदळतो. दोन्ही कानांत बोटे घालून चार पावले चालून पाहिल्यास हा प्रकार तत्काळ लक्षात येतो. स्वतःचे बोलणे घुमल्यासारखे वाटणे, पाण्याचा घोट गिळताना मोठा आवाज होणे, श्वास मोठ्याने ऐकू येणे, ही सारी याच कोंडीची रूपे आहेत. त्यामुळे महागडा घ्या की स्वस्त, घट्ट बसणारा इअरफोन चालण्यासाठी फारसा सोयीचा ठरत नाही. तो प्रवासात बसून ऐकण्यासाठी उत्तम आहे, आणि नागपूरला जाताना एसटीत मी स्वतः तोच वापरते.

दुसरा मुद्दा रस्त्याचा. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणारे ट्रॅक्टर निदान दुरून ऐकू येतात. त्यांची काळजी कमी वाटते. बैलबंडी मात्र आता रबरी टायरांवर चालते आणि बैलांच्या गळ्यात घुंगरू नसले तर ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. गेल्या काही वर्षांत गावात विजेवर चालणाऱ्या स्कूटर आल्या आहेत, त्यांचा तर आवाजच नाही. शिवाय भुंकण्याआधी गुरगुरणारे कुत्रे आहे, पिकातून अचानक रस्त्यावर उडी घेणारा रोही, म्हणजे नीलगाय, आहे, रानडुकरांचा कळप आहे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेच्या गवतात घोणस असू शकते, आणि ती डिवचली गेल्यास कुकरच्या शिट्टीतून वाफ सुटावी तसा मोठा फुत्कार सोडते. तो ऐकू येणे हाच आपला बचाव असतो. एकटीने चालणाऱ्या बाईला मागून येणाऱ्या पावलांचा कानोसा घेता येणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे हा नियम आहेच. पण डोळे समोर असतात. पाठीमागची राखण कानांनाच करावी लागते.

फिरता फिरता संगीत ऐकण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती आली ती १९७९ साली, सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला तेव्हा. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि यंत्रातील छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे कानात येई. म्हणजे कान बंद करून फिरणे अडचणीचे आहे, हे या वस्तूच्या निर्मात्यांना पहिल्याच दिवशी उमगले होते. आजच्या महाग इअरफोनमध्ये ‘ट्रान्सपरन्सी’ किंवा ‘अँबियंट’ नावाने जी सोय देतात, ती मूलतः तीच आहे: बाहेरचा आवाज आधी अडवायचा आणि मग मायक्रोफोनने उचलून पुन्हा कानात सोडायचा. ही सोय चांगल्या कंपन्यांनी चांगली केली आहे, यात शंका नाही. तरीही गावच्या रस्त्यासाठी मला ती द्राविडी प्राणायामासारखी वाटते. आधी दार लावायचे आणि मग पलीकडचे पाहायला कॅमेरा बसवायचा, याऐवजी दार उघडेच ठेवलेले काय वाईट? शिवाय उन्हाळ्यातील वाऱ्यात हे मायक्रोफोन वाऱ्याचा घोंघाटही उचलतात, आणि बॅटरी संपली की कानात उरते ते नुसते बूच.

कान उघडा ठेवणारे पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला जुना आणि साधा: कानाच्या बाहेरील खोलगट भागात नुसता टेकणारा, टोपी नसलेला इअरफोन. पूर्वी मोबाइलबरोबर फुकट मिळत असे तो हाच. दुसरा प्रकार अलीकडचा, त्यात छोटा स्पीकर कानाच्या नळीसमोर थोड्या अंतरावर लटकतो आणि कानावरून जाणारा आकडा किंवा कानाच्या कडेला लागणारी चिमटी त्याला धरून ठेवते. तिसरा प्रकार हाडांवाटे ऐकवणारा. तो कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतो आणि त्याची कंपने कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतात. या तिसऱ्या प्रकारात नळी पूर्ण मोकळी राहते, म्हणून धावणारे आणि सायकल चालवणारे लोक तो पसंत करतात. त्यात बेस मात्र पातळ असतो, आवाज वाढवला की गालावर गुदगुल्या होतात, आणि डोक्याच्या मागून जाणारी पट्टी अंबाड्याला किंवा जाड वेणीला अडते. हाडांवाटे ऐकल्याने कानाला धोका नसतो, असे काही विक्रेते सांगतात; ते खरे नाही. आवाज कोणत्याही वाटेने गेला तरी शेवटी आतल्या कानातील त्याच नाजूक केसपेशींवर पडतो, आणि तो फार मोठा असेल तर इजा होऊ शकते.

आराम या गोष्टीकडे मी जरा बारकाईने पाहते, कारण बायकांच्या कानांचा विचार करून हे यंत्र बनवलेले आहे असे मला कधीच वाटले नाही. कानात कुड्या असतील तर टेकणारा इअरफोन चालतो, पण कानावरून जाणारे वेल असतील तर आकड्याचा इअरफोन त्यांच्यात अडकतो. चष्मा असेल तर त्याची काडी, वेल आणि आकडा अशा तीन गोष्टी कानामागच्या बोटभर जागेत एकत्र येतात आणि घरी परतेपर्यंत तेथे ठणका लागतो. उन्हाळ्यात डोक्याला व तोंडाला दुपट्टा बांधून निघावे लागते, हिवाळ्यात मफलर असतो. या दोहोंच्या दाबाने बाहेर उंच राहणारा कोणताही इअरफोन कानात रुततो. म्हणून चष्मा व दुपट्टा वापरणाऱ्याने आकड्यापेक्षा कानाच्या खोलगटात सपाट बसणारा, लहान तोंडाचा इअरफोन पाहावा. कानांचे आकार माणसागणिक वेगळे असतात, इतकेच नव्हे तर एकाच माणसाचे दोन कानही पुष्कळदा सारखे नसतात. डावा नीट बसतो आणि उजवा सारखा निसटतो ही तक्रार त्यामुळेच असते, आणि तिच्यावर एका बाजूला वेगळ्या मापाची टोपी किंवा एकाच बाजूला फोमचे पातळ आवरण लावणे हा सोपा उपाय आहे.

बसतो की नाही हे दुकानात आरशापुढे उभे राहून कळत नाही. कानात घालून दोन मिनिटे काही चघळावे, मोठ्याने हसून पाहावे, कारण जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि सैल इअरफोन तेव्हाच सरकतो. मग दुकानासमोरच्या रस्त्यावर भरभर चालून यावे. दहा-पंधरा मिनिटांनंतर कानाच्या पुढच्या छोट्या उंचवट्याखाली दुखू लागले, तर तो इअरफोन अर्ध्या तासाने असह्य होणार हे नक्की समजावे. अर्थात, दुकानदार पाकीट फोडू देत नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने त्याचेही बरोबर आहे. अशा वेळी घरातील किंवा शाळेतील सहकाऱ्यांकडील निरनिराळे इअरफोन स्पिरिटने पुसून घालून पाहणे आणि कोणता आकार मानवतो ते आधी ठरवणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. तालुक्याच्या गावी दुकानदार हमखास म्हणतो, ‘‘ताई, हे बेसवालं घ्या, लय जोरात वाजते.’’ त्याचा हेतू चांगला असतो, परंतु जोरात वाजणे ही आपली गरज नाही.

ती का नाही, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंत सरासरी ८० डेसिबल आवाज ऐकणे सुरक्षित मानले आहे. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. आवाज मोबाइलच्या कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा, असाही साधा सल्ला ही संघटना देते. आता गंमत अशी की पहाटेच्या शांत रस्त्यावर उघड्या इअरफोनमधूनसुद्धा निम्म्याहून कमी आवाजात सगळे स्पष्ट ऐकू येते. शहरातील माणसाला गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी कान बंद करणारा इअरफोन एका अर्थी सुरक्षित ठरतो. आपल्याला शांतता फुकट मिळाली आहे, तर तिचा लाभ घ्यावा. सोयाबीनच्या हंगामात शेजारच्या शेतात मळणी यंत्र सुरू असेल तर उघडा इअरफोन निरुपयोगी होतो, हे मान्य आहे. तेवढा पल्ला गाणे थांबवून चालावे. आवाज वाढवू नये.

आपण काय ऐकतो यावरही निवड अवलंबून असते. आमच्याकडे पहाटे खंजिरीची भजने ऐकणारे पुष्कळ आहेत. खंजिरीच्या चकत्यांचा नाद वरच्या पट्टीतला असतो आणि तिची थाप मधल्या. ज्या इअरफोनमध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो, त्यात ही थाप जड होते आणि चकत्यांचा नाद मागे पडतो. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे माझ्या ऐकण्यात नेहमी असतात. त्यांची वेगवान तान ज्या इअरफोनमध्ये सुटी सुटी, प्रत्येक स्वर वेगळा कळेल अशी ऐकू येते, तो इअरफोन माझ्या दृष्टीने उत्तीर्ण. बेस कमी असल्याची खंत गायकी ऐकणाऱ्याला फारशी जाणवत नाही, कारण माणसाच्या गळ्याचे बहुतेक सारे वैभव मधल्या पट्टीत असते. वय वाढते तसे वरच्या पट्टीतील आवाज ऐकण्याची क्षमता सर्वांचीच घटते. म्हणून सासूबाईंसाठी इअरफोन घेताना माझ्या कानावर विसंबून न राहता त्यांना स्वतः ऐकून पाहू दिले आणि त्यांनी माझ्यापेक्षा तीव्र वाजणारा निवडला.

वायरचा की बिनवायरचा, या वादात मी वायरच्या बाजूने झुकते, तरी तिचा दोष लपवत नाही. वायर पदराला किंवा ओढणीला घासली की तो घासण्याचा आवाज थेट कानात येतो. ती कानाच्या मागून वळवून घेतल्यास किंवा छातीजवळ लहान चिमट्याने अडकवल्यास हा त्रास बराच कमी होतो. फायदा असा की चार्जिंग लागत नाही, आणि रात्री वीज गेलेली असली तरी सकाळचे फिरणे मुके होत नाही. दुसरा फायदा रेडिओचा. ज्या मोबाइलमध्ये एफएमची सोय आहे, त्यात इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते; त्यामुळे आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र इंटरनेटशिवाय ऐकायचे तर वायर हवीच. नव्या अनेक मोबाइलमध्ये ३.५ मिलिमीटरचे गोल भोक उरलेले नाही, तेथे टाइप-सी जोडणीचा इअरफोन घ्यावा लागतो. नेकबँड, म्हणजे मानेवर पट्टी असलेला बिनवायरचा इअरफोन, हा मधला मार्ग आहे. त्यातला कानातून निसटलेला भाग मानेवर लटकतो, हरवत नाही. मात्र भरभर चालताना मानेवरची पट्टी एका बाजूला सरकत जाते आणि घामाने चिकटते. नेकबँडही बहुधा सिलिकॉनच्या टोपीचेच असतात, तेव्हा टोपी नसलेला शोधून घ्यावा लागतो.

पूर्ण सुटे बिनवायरचे इअरफोन घ्यायचे असतील तर पांढरे, पिवळे, कोणतेही घ्यावेत, पण काळे घेऊ नयेत. आमच्या काळ्या मातीत पडलेला काळा इअरफोन सापडणे जवळजवळ अशक्य असते. त्यावर स्पर्शाने चालणारी सोय असण्यापेक्षा दाबायचे खरे बटण असावे. दुपट्टा सावरताना नुसता हात लागला तरी स्पर्शवाला इअरफोन गाणे बदलतो किंवा कोणाला तरी फोन लावतो.

पावसाची भीती फार बाळगण्याचे कारण नाही. खोक्यावर आयपीएक्स-४ लिहिलेले असेल तर सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे आणि घाम त्याला सोसतो. फिरायला जाण्यासाठी तेवढे पुरे. या खुणेतील एक्सचा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही इतकाच, म्हणून धुळीच्या रस्त्यासाठी एक्सच्या जागी ५ असा अंक असलेला मिळाल्यास अधिक चांगले. चार्जिंगच्या डबीला मात्र बहुधा पाण्यापासून संरक्षण नसते. ओला इअरफोन तसाच डबीत ठेवला की घामातील क्षारांनी तिच्या आतील टोके गंजतात. खरा शत्रू आमच्याकडचा मे महिना आहे. पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत याहून कितीतरी अधिक उष्णता असते आणि लिथियमची छोटी बॅटरी तेथे लवकर म्हातारी होते. चार्जिंगही दुपारी न करता रात्री थंड खोलीत करावे.

पावसाळ्यातील काळजी कानाची घ्यायची असते. दमट हवा, घाम आणि तासन्‌तास बंद ठेवलेली नळी एकत्र आली की कानात बुरशी धरते आणि खाज सुरू होते. कानाचा मळ स्वाभाविकपणे हळूहळू बाहेर सरकत असतो, आत शिरणारा इअरफोन त्याला उलट आत ढकलतो. उघड्या प्रकारात या दोन्ही तक्रारी कमी असतात. खाज आली म्हणून काडी, केसांचा पिन किंवा गरम तेल कानात घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. एकमेकांचे इअरफोन वापरण्याची शाळेतील मुलांची सवयही याच कारणाने मोडायला हवी.

सध्या माझ्याकडे टोपी नसलेला, वायरचा, पांढऱ्या रंगाचा इअरफोन आहे आणि त्याची किंमत पाचशे रुपयांच्या आत होती. बेताच्या किमतीत उघड्या प्रकारचे नेकबँड दीड हजारांच्या आसपास पाहायला मिळतात. हाडांवाटे ऐकवणारे चांगल्या कंपनीचे घ्यायचे तर पाच हजार किंवा अधिक मोजण्याची तयारी हवी, आणि रोज अर्धा तास चालणाऱ्याला तो खर्च मला अनाठायी वाटतो. बिनवायरचा कोणताही घेतला तरी खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण व नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. आठवडी बाजारात ढिगात मिळणाऱ्या मालावर तो सहसा नसतो. पक्के बिल घ्यावे, कारण हमीचा काळ बिलावरच्या तारखेपासून मोजतात. टेकणाऱ्या इअरफोनवर चढवायच्या फोमच्या टोप्या वेगळ्या पाकिटात मिळतात, त्या सोबतच घेऊन ठेवाव्यात. पावसाळ्यात त्या घामाने लवकर खराब होतात आणि ऐन वेळी तालुक्याला जाऊनही मिळतीलच असे नाही.